रिकाम्या मण्यांवरची पट्टी

२ सप्टेंबर, अमरावती

पीएच.डी.ला मुदतवाढ मिळाली. मार्चअखेरपर्यंत. गोदावरी मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "प्रियदर्शनी, यापुढं मागायला तोंड राहिलं नाही. तुलाही नाही, मलाही नाही."

त्या जूनमध्ये निवृत्त होतात. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. माझ्या मागून आलेले डॉक्टर होऊन गेले. मी छत्तीस वर्षांची, सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, दुपारी विभागात येऊन संगणकासमोर बसते.

आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही. खोलीवर आले. घरमालकीण माणिकबाईंनी खिडकीतूनच विचारलं, "काय झालं वं?" म्हटलं, मुदत भेटली. त्या म्हणाल्या, "मंग असं तोंड काहून?" मला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. मुदत मिळाली म्हणजे अजून सात महिने हेच.

५ सप्टेंबर

बाबांचा फोन. ते नांदगाव खंडेश्वरला असतात, पोस्टातून निवृत्त झालेत. दर आठवड्याला एकच प्रश्न. "तुयं ते जाळं कुठलोक आलं?"

आज त्यांना नीट सांगितलं. म्हटलं, बाबा, पेशीत हजारो प्रथिनं असतात आणि एकटं कोणी काही करत नाही. एक दुसऱ्याला धरतं, सोडतं, त्यातून पेशीचं काम चालतं. कोण कोणाला धरतं याच्या रेषा काढल्या की जाळं होतं. तुरीला मर लागते ना, उभं झाड वाळते, ती बुरशी मुळातून आत शिरते आणि स्वतःची प्रथिनं तुरीच्या प्रथिनांना चिकटवते. नेमकं कोणाला, ते मी शोधते.

"कसं शोधतं? दिसते काय ते?"

दिसत नाही. तुरीवर तेवढे प्रयोगही कोणी केलेले नाहीत. तिच्या दूरच्या भाऊबंदांवर झालेत, त्यांच्यावरून संगणक तुरीचं जाळं बांधतो. त्या जाळ्यात एका प्रथिनाकडे चारी बाजूंनी रेषा येतात. माझ्या यादीत ते एकेचाळिसावं, म्हणून आम्ही त्याला एकेचाळीसच म्हणतो. माझा हिशेब सांगतो की बुरशी यालाच धरते. याला धरलं की सगळंच हाती आलं.

"म्हंजे बडनेरा जंक्शन," बाबा म्हणाले.

मी हसले. पुष्कळ दिवसांनी.

२१ सप्टेंबर, अकोल्याहून परत

संगणकाचा अंदाज हातानं करून पाहिल्याशिवाय कोणी मानत नाही. ते काम सौमित्र करतो आहे. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो. तो आता अकोल्यात एका खासगी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. वरिष्ठांची परवानगी काढून, स्वतःचं काम संपल्यावर माझं करतो.

आज त्यानं कृती दाखवली. बुरशीचं प्रथिन बारीक मण्यांना बांधायचं, त्यावरून एकेचाळीस सोडायचं आणि मणी धुवायचे. धरलं असेल तर ते मण्यांवर राहतं आणि एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. सोबत नुसते रिकामे मणीही चालवायचे, तिथं पट्टी येता कामा नये.

दुपारी त्याच्या घरी नेलं. वडील वकील, घर मोठं. त्याच्या आईनं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग वडील काय करायचे ते विचारलं. चहा चांगल्या कपात दिला. सौमित्र मध्येच उठून आईपाठोपाठ आत गेला आणि आतून त्याचा चढलेला आवाज आला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "चल, तुझी बस जाईल." बसला वेळ होता. त्याला उगीच घाई असते.

पुन्हा घरी जायचं नाही असं ठरवलं. प्रयोगशाळेतच बरं.

१२ ऑक्टोबर

पहिल्यांदा नाही आलं. एकेचाळीस पाण्यात राहतच नाही, गोळा होऊन तळाशी बसतं. पट्टी नाही, उत्तरही नाही.

२९ ऑक्टोबर

दुसऱ्यांदाही नाही.

कॉलेजात पेपर तपासायला दिलेत. एका मुलानं लिहिलंय, पेशी ही सजीवाची सर्वात दमलेली रचना आहे. मूलभूत लिहायचं असेल. मी अर्धा गुण दिला.

१६ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा, दोन्ही वेळा तेच. आज स्वतः अकोल्याला गेले, काय चुकतंय ते डोळ्यानं बघावं म्हणून. फिल्म धुऊन यायला वेळ होता, मी बाहेर पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या झोप लागली. जागी झाले तर अंगावर सौमित्रचा पांढरा कोट होता आणि तो खालच्या पायरीवर बसला होता. फिल्म कोरी आली होती. केव्हाची आलेली होती म्हणे.

"उठवायचं ना," मी म्हटलं.

"त्यात काही नव्हतंच," तो म्हणाला.

माझा वेळ गेला तो गेलाच. मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं आले.

८ डिसेंबर, नांदगाव खंडेश्वर

बाबांकडे. काकांच्या वावरात तूर फुलावर आहे, मधूनमधून वाळलेली झाडं उभी. एक उपटून मूळ चिरून पाहिलं, आत काळी रेघ. वर्षानुवर्षं मी हिला पडद्यावर पाहते. हातात घेतली की वेगळंच वाटतं.

काका म्हणाले, "बाई, तुह्यं झालं की सांग. आमी तोवर पेरतोच हावो."

टोमणा नव्हता. तरी लागला.

१९ डिसेंबर

पाचव्यांदाही नाही.

सौमित्रनं फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हटलं. तो म्हणाला, "दर्शनी, आहेस का?" मी म्हटलं, आहे. रडू आलं नाही, राग नाही, काही नाही. ओला कपडा पिळून पिळून कोरडा झाला की कसा होतो तसं.

म्हणाला, "मिठाचं प्रमाण बदलून बघतो. अजून एकदा."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "तो तुझ्यासाठी एवढं का करतो गं?"

"स्वभावच तसा आहे त्याचा," मी म्हटलं. आहेच.

१४ जानेवारी

आली!

सौमित्रनं दुपारी फोटो पाठवला. बुरशीच्या मण्यांवर काळी, जाड, कडा स्पष्ट असलेली पट्टी. शेजारी रिकामे मणी, तिथं स्वच्छ. एकेचाळीसला बुरशी धरते. माझ्या जाळ्यानं सांगितलं होतं तस्सं.

मी तासावर होते. वर्गातून बाहेर आले आणि जिन्यात उभं राहून भिंतीला डोकं टेकलं. मग मॅडमकडे धावले. मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "जा, काहीतरी खाऊन ये." राजकमल चौकात जाऊन गिलावडा खाल्ला, माणिकबाईंसाठी बांधून आणला. त्या म्हणाल्या, "आज पोट्टी मानसात आली."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जंक्शन खरं निंगालं म्हना."

सौमित्रला किती वेळा आभार म्हटलं कोण जाणे. तो फारसं बोलला नाही. दमला असणार.

२० जानेवारी

शोधनिबंधात सौमित्रचं नाव माझ्या नावापाठोपाठ घालणार म्हटलं तर नको म्हणाला. "मी नुसते मणी धुतले. माझं नाव नको." किती वेळा सांगितलं तरी तेच. एवढा विनय बरा नाही. आजकाल लोक न केलेल्या कामावर नाव घालून घेतात.

आणखी एक बोलला, की हा प्रयोग प्रबंधात थोडक्यात घे, भर जाळ्यावरच दे. मी म्हटलं, वेडा आहेस का, हाच तर कणा आहे.

९ फेब्रुवारी

लिहिणं चालू. पाठ धरली आहे. तिसरं प्रकरण झालं, चौथं अर्धं. चौथ्यात पट्टी आहे म्हणून तेच आधी लिहावंसं वाटतं.

मॅडम म्हणतात, परीक्षक न कापलेली पूर्ण फिल्म मागतील, परिशिष्टात लाव. सौमित्रला सांगितलं. म्हणाला, स्कॅनर बिघडलाय.

१७ फेब्रुवारी

फिल्म अजून नाही. आता म्हणतो ती जुन्या इमारतीच्या कपाटात आहे आणि किल्ली साहेबांकडे, साहेब हैदराबादला. मी म्हटलं, मीच येते. तर म्हणाला, "तू नको येऊस, दगदग होईल." सगळ्यांची काळजी करतो आणि स्वतःची तब्येत बघत नाही. आवाजावरून आजारी वाटला.

२ मार्च

मॅडम आज चिडल्या. "मार्चअखेर तोंडावर आहे. फिल्म नसेल तर तसं लिही." मी सौमित्रला फोन केला, जरा जोरातच बोलले. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "शनिवारी ये. लॅबमध्येच ये."

८ मार्च

अकोल्याहून आले. लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

प्रयोगशाळेत सुट्टीमुळे कोणी नव्हतं. सौमित्रनं उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवली, दिवा लावला आणि जाऊन खिडकीशी उभा राहिला, पाठ करून. दाढी वाढली होती.

मी फिल्म पाहिली. बुरशीच्या मण्यांवर माझी ती पट्टी होती. आणि शेजारी, रिकाम्या मण्यांवर, तेवढीच काळी दुसरी.

"चुकीची फिल्म लावलीस," मी म्हटलं.

"नाही."

"अरे, रिकाम्यांवर पट्टी दिसते यात."

"ती पहिल्यापासून होती."

मला खरंच समजायला वेळ लागला. मी फिल्म उचलली, मागून पाहिली, तारीख पाहिली. जानेवारीचीच होती, त्याच्याच अक्षरात.

"मग मला पाठवलेल्या फोटोत रिकामी जागा कशी?"

"जुन्या फिल्मवरची कोरी जागा कापून तिथं बसवली."

म्हणजे एकेचाळीस बुरशीला धरतच नाही. ते मण्यांनाच चिकटतं, बुरशी असो वा नसो. माझी पट्टी म्हणजे काहीच नव्हतं.

"काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून तेवढाच शब्द निघाला.

तो वळला. "पाचव्यांदा मी सांगितलं तेव्हा तू 'बरं' म्हणालीस. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. वाटलं, नंतर करून बघू, खरंच येईल आणि मग बदलून टाकू. तीनदा केला मी नंतर. तिन्ही वेळा हेच."

"म्हंजे तुले माह्यी दया आली."

त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.

"माह्या आज्यानं छप्पन साली दयेवर जगनं सोडलं, सौमित्र. तू मले काहून देऊन राहिला? मले उत्तर पायजे होतं. नाही असंल तर नाही."

एवढ्या वर्षांत मी त्याच्याशी असं बोलले नव्हते. त्याच्यासमोर मी जपून बोलते, पुस्तकातल्यासारखं. आज जपावं असं काही उरलं नव्हतं.

"दया नव्हती ती," तो म्हणाला.

"मंग काय होतं?"

त्यानं पेटीचा दिवा बंद केला, फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "ते आता सांगण्यासारखं राहिलं नाही."

त्याचं काय म्हणणं होतं ते कळलं नाही आणि विचारायची ताकद नव्हती. स्टँडपर्यंत चालत आले. तो मागं काही अंतरावरून चालत होता. बस निघेपर्यंत उभा होता. मी पाहिलं नाही त्याच्याकडे.

९ मार्च

दिवसभर पडून. माणिकबाईंनी वरणफळं आणून ठेवली, झाकून. दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं.

१० मार्च

मॅडमसमोर फिल्म ठेवली. त्यांनी पाहिली, चष्मा काढला, डोळे चोळले.

"आणखी कोणी पाहिलंय हे?"

"नाही."

"तुझ्याकडे असलेला फोटो पुरेसा चांगला आहे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी जूनमध्ये जाते. तुला दुसरा मार्गदर्शक कोण देणार? तीन आठवडे उरलेत. लोक काय काय छापतात, प्रियदर्शनी."

मी म्हटलं, "हो मॅडम."

उठून आले. मनात पहिल्यांदा आलं की ठेवूया तसंच. खोटं बोलणार नाही, हे लिहायला बसले तेव्हाच ठरवलं होतं, म्हणून लिहिते. ऑटोत बसल्यापासून पंचवटी चौक येईपर्यंत मी मनात तो फोटो प्रबंधात लावून टाकला होता. खाली ओळही लिहून झाली होती. इतकी दमले आहे.

११ मार्च

सकाळी मॅडमचा फोन. "काल मी बोलले ते विसर. माझी झोप झाली नाही रात्रभर. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आणि शेवटी काय बोलले. ये इकडे, आपण दोघी करून बघू."

"काय करून बघू?"

"प्रयोग. पंचवीस वर्षांपूर्वी हेच करायची मी. हात विसरत नाहीत."

मी काल मनात काय करून टाकलं होतं ते त्यांना सांगितलं नाही.

१३ मार्च

प्रयोगाला एकेचाळीस लागतं आणि ते फक्त सौमित्रकडे. मी मागणार नव्हते. मॅडमनीच फोन केला. आज एसटीच्या कंडक्टरच्या हाती बर्फाचा डबा आला. आत नळ्या, एकेक कापसात गुंडाळलेली, वर मिठाचं प्रमाण आणि धुण्याच्या वेळा नीट लिहिलेल्या. बाकी एक शब्द नाही.

डबा परत पाठवावा असं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "राग त्याच्यावर काढ, प्रथिनावर नको. बर्फ वितळतोय."

२० मार्च

आठवडाभर विभागातच. माझे हात संगणकाचे, थेंब नीट पडत नाहीत. मॅडम स्टुलावर बसून सांगतात, मध्येच उठून स्वतः करतात आणि दम लागला की परत बसतात. एसी बंद, बाहेर नुसती भट्टी. एकदा नळी माझ्या हातून सांडली. मॅडमनी दुसरी दिली.

आज फिल्म आली. दोन्हीकडे पट्ट्या. बुरशीच्या मण्यांवर आणि रिकाम्या मण्यांवर सारख्याच.

"तो खोटं बोलला नव्हता म्हणजे," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यांदा तरी."

२२ मार्च

काल संध्याकाळी एक गोष्ट सुचली आणि आज सगळा दिवस तीच केली. एकेचाळीसकडे चारी बाजूंनी येणाऱ्या त्या रेषा आल्या कुठून? एकेक उघडून पाहिली. ज्या प्रयोगांवरून त्या काढल्या ते जवळजवळ सगळे याच मण्यांच्या पद्धतीचे. म्हणजे एकेचाळीसचे भाऊबंद जगभरच्या प्रयोगशाळांत मण्यांना चिकटत राहिले आणि लोक समजले की ते यालाही धरतात, त्यालाही धरतात. त्या चुका माझ्या जाळ्यात रेषा होऊन आल्या. ते जंक्शन नव्हतंच. जे सगळ्यालाच चिकटतं त्याचं कोणाशी नातं आहे असं म्हणता येत नाही.

मग असली चिकट प्रथिनं आणखी कोणती तेही शोधलं. निघाली. बरीच निघाली. ती काढून टाकल्यावर जाळं विरळ झालं. जुन्याच्या मानानं गरीब दिसतं. पण आता जी रेष आहे तिच्यावर बोट ठेवून मी सांगू शकते की ही का आहे.

जानेवारीत सौमित्रनं फिल्म न कापता पाठवली असती तर हे मला तेव्हाच दिसलं असतं. त्यानं जी जागा झाकली तिथंच माझं उत्तर होतं. याचा राग करावा का हसावं? दोन्हीची ताकद नाही. मॅडमना दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "चौथं प्रकरण फाड. नवीन लिही. मी वाचत जाते तसतसं."

२६ मार्च, अकोला

नव्या चौथ्या प्रकरणात सौमित्रची फिल्म घालायची आहे, न कापलेली, दोन्ही पट्ट्यांसह, त्याच्या नावानं. त्याची सही हवी. मॅडम म्हणाल्या, आपली फिल्म आहे ना, त्याची कशाला? मी म्हटलं, त्यानं आधी पाहिलं. खरं तर मला स्वतःलाच नीट सांगता आलं नाही.

प्रयोगशाळेत गेले तर तो तिथं नव्हता. चौकीदारानं सांगितलं, "ते सायेब गेले. स्वतःहूनच काय तं मोठ्या सायबाले सांगितलं म्हन्ते, आन दुसऱ्या दिशी सामान नेलं." मी त्याचं नाव कुठंही घेतलं नव्हतं. मॅडमनीही नाही.

शेवटी जठारपेठेत सापडला, एका कोचिंग क्लासमध्ये 'नीट' परीक्षेच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. खडूनं हात पांढरे. बाहेर टपरीवर उभ्याउभ्या चहा घेतला.

"काहून सांगितलं तुझ्या साहेबांना?" मी विचारलं.

"तू सांगणार नव्हतीस, म्हणून."

कागद पुढं केला. त्यानं वाचला. "माझं नाव नको यावर."

"हे तूच केलंस ना?"

"केलं."

"खरं आहे ना?"

"हे खरं आहे."

"मग सही कर."

त्यानं कागद टपरीच्या फळीवर ठेवून सही केली. मग विचारलं, "तुम्ही केलात तेव्हा काय आलं?" मी म्हटलं, दोन्हीकडे. त्यानं मान हलवली. मग मी त्याला चिकट प्रथिनांचं सांगितलं, रेषा कशा गळाल्या ते. आधी तुटक बोलत होते, नंतर चहाच्या पेल्याखालच्या ओल्या डागांनी फळीवर जाळं काढून दाखवलं. तो वाकून बघत होता. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तो लिहून आणला आहे.

क्लासची घंटा झाली. "माफ करशील का, असं विचारणार नाही," तो म्हणाला.

"नको विचारू," मी म्हटलं. "मला आत्ता उत्तर माहीत नाही."

तो आत गेला. बसमध्ये लक्षात आलं की टपरीवाल्याला दोघांपैकी कोणीच चहाचे पैसे दिले नाहीत.

३१ मार्च

प्रबंध दिला. बांधणीवाल्यानं शीर्षकात एक वेलांटी चुकवली, ती पेनानं दुरुस्त केली. मॅडमनी सही करताना तीनदा विचारलं, तारीख कोणती आज. कार्यालयातला माणूस म्हणाला, "शेवटच्या दिवशीच येता तुम्ही लोकं." मी म्हटलं, हो.

खोलीवर येऊन झोपले. काही वाटलं नाही.

३० जून

मॅडम निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. भाषणात त्यांनी मण्यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, म्हणाल्या की माझं शेवटचं काम मी मार्चमध्ये हातानं केलं. लोकांना विनोद वाटला, टाळ्या पडल्या.

१८ ऑक्टोबर

मौखिक परीक्षा झाली. मॅडम घरून ऑटोनं आल्या, मागं बसल्या. बाबा नांदगावहून आले, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. बाहेरगावचे परीक्षक कडक होते. म्हणाले, "तुमचं जाळं इतरांपेक्षा फारच छोटं आहे." मी म्हटलं, होतं मोठं, मी कमी केलं, आणि का ते सांगितलं. मग त्यांनी ती फिल्म काढली. "ही कोणी केली?"

"सौमित्र," मी पूर्ण नाव सांगितलं. "अकोल्याचे. रिकाम्या मण्यांवर पट्टी येते हे प्रथम त्यांना दिसलं."

तेवढंच सांगितलं. ते खरं आहे. मागं मॅडम खोकल्या.

झालं. बाबांनी पेढे आणले होते, परीक्षकांनाही दिले. मॅडमच्या पाया पडायला लागले, मी थांबवलं. ते म्हणाले, "तुयं जंक्शन तं गेलं ना पोरी, मंग पास कशी झाली?" मी म्हटलं, बाबा, ते नव्हतं हे दाखवलं म्हणून. त्यांना ते फारसं पटलं नाही. संध्याकाळच्या बसनं गेले. डबा विसरून गेले.

माणिकबाईंना सांगितलं, काकांना फोन केला. काका म्हणाले, "मंग आमच्या तुरीले काय?" म्हटलं, अजून काही नाही काका, आता शोधायला सुरुवात होईल. "होऊ दे," म्हणाले.

मग बराच वेळ फोन हातात धरून बसले. मार्चपासून सौमित्रशी बोललेले नाही. राग आहे का पाहिलं तर आहे, थोडा. पण आज मला झोप येत नव्हती आणि दमलेही नव्हते, आणि हे सांगायला दुसरं कोणी सुचत नव्हतं. मी लिहून आणलेल्या त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तरही मला सापडलं आहे, तेही सांगायचं होतं. बस, एवढंच कारण.

पहिल्याच रिंगला उचलला.

"सौमित्र, झालं," मी म्हटलं.

"थांब हं," तो म्हणाला. "बाहेर जातो. इथं फार आवाज आहे."

मी थांबले. कान लावून ऐकत होते. त्याच्याकडे कुठलाच आवाज नव्हता, पंख्याचासुद्धा नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हं. आता सांग. काय काय विचारलं?"

मी सांगायला लागले.